बोजा उतरवला का?

कार्यालयातला जुना लॅपटॉप निकाली काढला, म्हणजे काय केलं? आयटीवाला सांगतो, "वाइप मारला, झालं काम." खरं तर निम्मंच झालेलं असतं.

संस्थेचे लॅपटॉप, टॅबलेट, फोन हल्ली एका मध्यवर्ती व्यवस्थेच्या धाकात असतात. मायक्रोसॉफ्टचं इन्ट्यून हे त्यातलं ओळखीचं नाव. पासवर्ड केवढा असावा, कोणतं ॲप चालावं, सगळं तिथून ठरतं. निरोपाच्या आज्ञाही तिथूनच सुटतात. 'रिटायर' म्हटलं की संस्थेचं तेवढं निघून जातं, माणसाचं खासगी जागेवर राहतं. 'वाइप' म्हटलं की यंत्र कोरं. नोकरी सोडणाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर यातली कोणती आज्ञा चालवायची, हे कळायला तंत्रज्ञान कमी आणि सभ्यता जास्त लागते. शिवाय यंत्र कपाटात बंद पडलेलं असेल, तर ते पुन्हा इंटरनेटला जोडलं जाईपर्यंत आज्ञा नुसती ताटकळत राहते.

पुसण्याच्या बाबतीत संस्था जागरूक असतात, कारण चूक महागात पडते. जुने सर्व्हर आणि हार्ड डिस्क हलवायचं काम मॉर्गन स्टॅनली या अमेरिकी वित्तसंस्थेच्या एका उपकंपनीने माहिती नष्ट करण्याचा अनुभवच नसलेल्या सामानवाहू कंपनीला दिलं. काही डिस्क ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात पोचल्या. २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने त्यासाठी साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला.

राहून जातो तो यादीतला नंबर. यंत्राची नोंद मायक्रोसॉफ्टच्या किंवा ॲपलच्या दप्तरीही असते. विंडोजसाठी ऑटोपायलटमध्ये, ॲपलसाठी ॲपल बिझनेस मॅनेजरमध्ये. लॅपटॉप कितीही कोरा केला तरी पहिल्यांदा इंटरनेटला लागताच तो तिकडे विचारणा करतो आणि जुन्या मालकाचं नाव पडद्यावर आणतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात यंत्र घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे कुठल्याशा कंपनीचं लॉगिन उभं राहतं. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावर बँकेचा बोजा दिसत राहावा, तसंच हे. फेड करून भागत नाही, नोंद उतरवावी लागते.

ती का उतरवली जात नाही? आळस हे सोपं उत्तर झालं. माझ्या मते कारण वेगळं आहे. माहिती पुसण्यात संस्थेचा स्वतःचा जीव अडकलेला असतो. नाव कमी करण्याचा लाभ मात्र एका अनोळखी माणसाला होणार असतो. तो तक्रार करायला येत नाही, त्याला कुणाला गाठायचं हेच ठाऊक नसतं. मग चांगलं चालणारं यंत्र कुलूपबंद अवस्थेत भंगारात जातं आणि संस्थेच्या अहवालात 'पुनर्वापरासाठी दिले' असं छापून येतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अशी यंत्रं आता ढिगाने बाहेर पडताहेत.

नोंद उतरवण्याचा अधिकार जुन्या मालकाचाच. दुकानदाराने काही खटपट करून पडदा चुकवला तरी पुढच्या रीसेटला तो परत येऊ शकतो. म्हणून जुना लॅपटॉप घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी तो दुकानातच रीसेट करायला लावावा, वायफायला जोडावा आणि पहिल्या पडद्यावर कुणाचं नाव येतं ते पाहावं. तासभर जाईल, दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्यावं.