कथेची गती आणि पात्राचे स्वत्व

घटना घडण्यास लागणारा काळ आणि ती सांगण्यास दिलेला काळ हे दोन वेगळे असतात, हे कथनमीमांसेच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. बारा वर्षे एका वाक्यात सरतात आणि एक संध्याकाळ दहा पाने व्यापते. हा भेद आपण बहुधा तंत्राचा मानतो. परंतु कोणत्या पात्रापाशी कथा थांबते आणि कोणाला ओलांडून ती पुढे जाते, ही अखेर एक निवड असते. आणि जेथे निवड आली तेथे न्याय-अन्यायाचा प्रश्नही येतोच. स्त्री आणि पुरुष या दोन परिचित कोटींत न बसणारे पात्र कथेत येते तेव्हा तो अधिक तीव्र होतो. अशा पात्राला न्याय देणे म्हणजे नेमके काय देणे?

एक अलीकडचे उदाहरण घेऊ. डेना टेरेस यांनी निर्मिलेली ‘द आउल हाउस’ ही अद्भुतरम्य अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिका डिस्ने वाहिनीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये संपली. ती मुलांसाठी आहे म्हणून समीक्षेने तिच्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. अद्भुताच्या आश्रयाने समाजव्यवस्थेची चिकित्सा करण्याची परंपरा जुनीच आहे. लूझ नोसेदा ही मानवी जगातील मुलगी एका महाकाय टायटनच्या मृतदेहावर वसलेल्या ‘बॉइलिंग आइल्स’ या प्रदेशात येते आणि ईडा क्लॉथॉर्न या बंडखोर चेटकिणीकडे जादू शिकू लागते. तेथील सम्राट बेलोस याने प्रत्येक जादूगाराला एकाच ‘कव्हेन’ची, म्हणजे संघाची, दीक्षा सक्तीची केली आहे. दीक्षेच्या वेळी हातावर मुद्रा उमटते आणि त्या संघाच्या विद्येखेरीज बाकीच्या विद्या त्या व्यक्तीसाठी बंद होतात. ईडा कोणत्याच संघात गेलेली नाही, म्हणून ती गुन्हेगार ठरली आहे. माणसाने आपली ओळख एकदाच आणि कायमची सांगून टाकावी, हा सत्तेचा आग्रह मालिकेने असा मूर्त केला आहे.

याच जगात २०२१ मध्ये, दुसऱ्या पर्वात, रेन व्हिस्पर्स हे पात्र येते. संगीतविद्येच्या संघाचे प्रमुखपद रेनकडे आहे आणि मनात सम्राटाविरुद्धचा उठाव आहे. इतर पात्रे रेनचा उल्लेख इंग्रजीतील ‘दे’ या सर्वनामाने करतात. स्त्री किंवा पुरुष अशी निवड ते सर्वनाम मागत नाही. याचे कारण कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही, रहस्यस्फोटाचा प्रसंगही योजलेला नाही. ईडा आणि रेन यांचे पूर्वी प्रेम होते आणि ते तुटले. पण त्याला रेनची लिंगओळख कारण नव्हती. ईडाने आपल्यावरील शापाविषयी मन मोकळे केले नाही, हे त्याचे कारण. लपवणारी व्यक्ती रेन नाही, ईडा आहे. दिग्दर्शनाची ही सूक्ष्मता लक्षात घेण्याजोगी आहे.

ही सहजता मराठीत आणू पाहिली, की तिचे मोल कळते. मराठीत लिंगे तीन आहेत. तरीही ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ यांच्यामधून आदरार्थी बहुवचनदेखील सुटत नाही. नपुंसकलिंग मुलाला, लेकराला शोभते; प्रौढ व्यक्तीला लावले तर बहुधा अवमान होतो. वक्त्याला स्वतःविषयीसुद्धा ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ असेच म्हणावे लागते. ‘मी जाईन’, ‘मी केले’, ‘त्यांनी सांगितले’ अशा काही वाटा मोकळ्या आहेत, पण त्या शोधाव्या लागतात. व्याकरण क्रियापदापाशीच उत्तर मागते. कथा मात्र ते उत्तर लांबवू शकते, प्रसंगी अनावश्यकही ठरवू शकते. हे तिचे सामर्थ्य तिला मिळालेल्या काळावर अवलंबून असते.

काळ देणे आणि खुलासा मागणे यांतील फरक महाभारतातील शिखंडीच्या आख्यानाशी तुलना केल्यास स्पष्ट होतो. उद्योगपर्वाच्या अखेरीस, युद्ध तोंडावर आले असताना, महाकाव्य थांबते आणि भीष्म दुर्योधनाला अंबेची व शिखंडीची कथा सविस्तर सांगतात: द्रुपदाच्या घरी कन्या म्हणून जन्म, पुत्र म्हणून संगोपन, विवाहानंतर फुटलेले रहस्य, वनात यक्षाकडून मिळालेले पुरुषत्व. एवढा अवकाश मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु सांगणारे भीष्म आहेत, आणि शिखंडीवर आपण शस्त्र का चालवणार नाही याचे कारण म्हणून ते ही कथा सांगतात. शिखंडीला काळ मिळतो, तो खुलाशापुरता. रेनकडे खुलासा मागितला जात नाही; पण काळ दिला जातो काय?

येथे मालिकेच्या बाह्य इतिहासाकडे पाहावे लागते. पहिल्या दोन पर्वांत मिळून सुमारे २२ मिनिटांचे ४० भाग होते. तिसऱ्या पर्वाला केवळ ३ दीर्घ भाग देण्यात आले. ही मालिका कंपनीच्या प्रतिमेत बसत नाही असे काही अधिकाऱ्यांचे मत पडले, असे टेरेस यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. २०२२ मधील एका भागात ईडा आणि रेन यांच्या विद्यार्थिदशेकडे वळण्याची फुरसत कथेला होती. अंतिम पर्वात ती उरत नाही. तेथे बेलोस रेनच्या शरीराचा ताबा घेतो. रेनचे रूप पडद्यावर दिसते, पण त्यातून वावरते दुसऱ्याची इच्छा. कथानकाच्या दृष्टीने ही युक्ती कुशल आहे. तरी ज्या व्यक्तीला आपल्या परीने असण्याची मुभा मिळाली होती, तिचेच शरीर घाईच्या क्षणी कथेला साधन म्हणून वापरावेसे वाटावे, हे खटकते.

यावर आक्षेप असा, की वेगवान कथेत सर्वच दुय्यम पात्रांची काटछाट होते. मग एकाच पात्रासाठी वेगळा न्याय का मागावा? आक्षेप रास्त आहे, परंतु अपुरा आहे. कष्टाळू आई, रागीट शेजारी, उमदा तरुण यांना कथेने दोन वाक्ये दिली तरी वाचक उरलेले आपल्या साठवणीतून भरून काढतो. रेनसारख्या पात्रासाठी पुष्कळ वाचकांपाशी अशी साठवण नसते. परिचिताच्या बाबतीत घाई झाली तर रूपरेषा उरते. अपरिचिताच्या बाबतीत केवळ नामपट्टी उरते. समान काटछाटीचा परिणाम समान नसतो.

तेव्हा न्यायाची अंगे दोन आहेत: खुलाशातून मुक्तता आणि जगण्यासाठी काळ. पहिले लेखकाच्या हाती असते. दुसऱ्यावर प्रकाशक, वाहिनी, बाजार यांचाही अधिकार चालतो. एखाद्या कृतीत असे पात्र आहे, एवढ्यावर समाधान मानणारी समीक्षा पहिल्या अंगापाशीच थांबते. त्या पात्राला रुसण्यास, चुकण्यास, कंटाळण्यास कथेत किती जागा होती, आणि ती कोणी कमी केली, हेही तिने पाहिले पाहिजे.