हिरवा रंग आणि दाणा

औंधच्या श्रीभवानी संग्रहालयाचे संस्थापक श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. रंगाच्या दोन छटांतील भेद डोळ्याने ओळखणे ही त्यांची आयुष्यभराची साधना. आज त्याच औंधच्या माळांवरून जाणारे उपग्रह हेच काम करीत असतात. १९८८ साली सोडलेल्या आय.आर.एस.-१ए या आपल्या उपग्रहास प्रकाशाचे चार पट्टे निरखिता येत. २०१८ च्या हायसिसला तीनशेंहून अधिक पट्टे दिले गेले.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परतविते. या दोहोंच्या सीमेवर प्रकाशाचा जो चढ असतो, तो पान निस्तेज होऊ लागताच किंचित सरकतो. रुंद पट्ट्यात हे सरकणे बुडून जाते. अरुंद पट्ट्यात ते उमटते. परंतु पट्टा अरुंद केला की त्यात येणारा प्रकाशही थोडा, आणि उपकरणाच्या स्वतःच्या गोंधळातून खरा संकेत निवडणे दुष्कर. मग प्रकाश पुरेसा मिळावा म्हणून जमिनीचा तुकडा मोठा घ्यावा लागतो. हायसिसचा तुकडा तीस मीटर लांबीरुंदीचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. त्यात ज्वारी, बांधावरची बाभूळ आणि पडीक कोपरा यांचा मिळून एकच रंग होतो. वर्ण सूक्ष्म पाहावयाचा, तर आकृतीवर पाणी सोडावयाचे!

एवढी किंमत देऊन मिळालेली साक्ष कशाची? खटाव-माणच्या शेतकऱ्यास ठाऊक असते की ताटे हिरवी उभी असूनही कणसात दाणा नसतो. तेथे यंत्र खोटे बोलत नाही. त्याने पानाविषयी सांगितले, आपण दाण्याविषयी ऐकले. यंत्रास माणसाचे दुःख काय कळणार, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मात्र मी बसणार नाही. माणसाच्या डोळ्यास भाऊबंद असतात, यंत्रास नसतात, हा काही लहान गुण नव्हे. शिवाय शेतात जाऊन पानाचा वर्णपट मोजल्यावाचून त्या तीनशे आकड्यांस अर्थच येत नाही. म्हणजे यंत्र जितके सूक्ष्म, तितके बांधावर जाणे अधिक अगत्याचे.

व्यवहार मात्र उलट दिशेने चालतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळविषयक नियमपुस्तिकेत पाऊस, पिकांचा हिरवेपणा इत्यादी गमके आधी आणि प्रत्यक्ष पाहणी नंतर, असा क्रम ठरविला गेला. गमकांनी दुष्काळ दाखविला, तर पाहणीदार जावयाचा. ज्याचे दाण्यावाचूनचे रान वरून हिरवेगार दिसले, त्याच्या बांधावर कोणी जावे?