मँचेस्टरचा संघ, मलकापूरचं भांडण

मलकापूर हे फुटबॉलचं गाव नाही. भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचं स्टेशन, महामार्ग, जिनिंग-प्रेसिंग, बाजार समिती, आणि बुलढाण्याला जायचं तर रेल्वेतून इथे उतरायचं, एवढीच बाहेरच्या माणसाला आमची ओळख. पोरं खेळतात ती क्रिकेट, फार तर कबड्डी. तरीही शनिवारी रात्री एखाद्या चहाच्या टपरीवर उभे राहा. ‘सिटीवाले’, ‘युनायटेडवाले’, ‘बार्सावाले’ अशी गावाची जी वाटणी कानावर पडते, ती नगरपालिकेच्या कुठल्याच प्रभागरचनेत सापडायची नाही. ज्यानं विमान अजून आतून पाहिलेलं नाही असा पोरगा मँचेस्टरच्या बचावपटूच्या गुडघ्याबद्दल इतकं बारकाईनं बोलतो, की आजीच्या गुडघ्याची त्यानं कधी एवढी चौकशी केली असेल का, असा प्रश्न पडावा.

घरातली मोठी माणसं वैतागून विचारतात, “तुझा त्यांच्याशी संबंध काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर बहुतेक जण ‘टीव्ही’, ‘मोबाइल’, ‘जागतिकीकरण’ असं एका शब्दात देऊन मोकळे होतात. पण आधी खरोखरच काही संबंध आहे का, ते पाहू.

शोधला तर संबंध सापडतो, आणि चांगला भक्कम सापडतो. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथल्या कापसाची वाट बंद झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग इंग्रजांना वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली. रेल्वे आमच्या गावावरून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा फाटा निघाला, तोही खामगावच्या कापूस बाजारासाठी. गाठी मुंबई बंदरात आणि तिथून लिव्हरपूलला जात. हिंदुस्थानातून आलेल्या कापसाला तिकडचे विणकर सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि धागा आखूड, तुटका म्हणून बोटं मोडत. यादवी संपली, अमेरिकेचा माल पुन्हा सुरू झाला आणि इकडचे भाव कोसळले. कापूस उत्पादकाचं रडगाणं तेव्हापासूनचं आहे.

त्याच लँकेशायरमध्ये फुटबॉलचा धंदा उभा राहिला. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा बारा संघ होते. त्यांतले सहा लँकेशायरचे: प्रेस्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, ॲक्रिंग्टन आणि एव्हर्टन. पहिली पाच गावं कापसाच्या गिरण्यांची. आज जो मँचेस्टर युनायटेड, तो १८७८ मध्ये लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ इथल्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला संघ. मँचेस्टर युनायटेड हे नाव १९०२ चं. मँचेस्टरच्या दोन्ही संघांच्या बोधचिन्हात जहाज आहे, ते त्या शहराच्या व्यापाराचं. लिव्हरपूल बंदराचे दर चुकवायचे म्हणून मँचेस्टरवाल्यांनी समुद्रापासून थेट गावापर्यंत कालवा खणला, तो १८९४ मध्ये खुला झाला. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या हाडवैरात हा बंदराच्या पैशाचा भाग मोठा आहे.

आणखी एक धागा मला फार आवडतो. १८५० च्या इंग्लिश फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्यांतल्या बायकांचं आणि पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं. बायका-पोरं घरी गेली की बऱ्याच गिरण्या चालवणंच अवघड, त्यामुळे पुरुषांनाही अर्धी सुट्टी मिळू लागली. दोनला सुटका, तीनला सामना. ती तीनची वेळ आजही टिकून आहे, आणि आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात. दुकानं आवरलेली, जेवणं व्हायची किंवा नुकती झालेली. लँकेशायरच्या गिरणीचा भोंगा मलकापूरच्या शनिवारच्या रात्रीला असा अगदी सोयीचा पडला.

एवढं सगळं एखाद्या युनायटेडवाल्या पोराला सांगून पाहा. तो ऐकून घेईल, “भारी आहे काका” म्हणेल आणि मोबाइलमध्ये डोकं घालेल. त्याच्या युनायटेडवाला होण्याशी या इतिहासाचा काडीचा संबंध नाही. त्याच्या अंगातली जर्सी पॉलिस्टरची आहे, तीही बाजारातली ‘फर्स्ट कॉपी’. वऱ्हाडचा कापूस तिच्यात चिमूटभरही नाही.

संबंधामुळे चाहते तयार होत असते तर मराठी माणसाचा संघ ठरलेला होता: ब्लॅकबर्न रोव्हर्स. ब्लॅकबर्नच्या मागांवर एके काळी हिंदुस्थानसाठी धोतरं विणली जात. स्वदेशीचा फटका त्या भागाला बसला, म्हणून सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेत गेलेले गांधीजी शेजारच्या डार्वेनला जाऊन बेकार गिरणी कामगारांना भेटून आले. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीजनं, कोंबड्यांच्या धंद्यातल्या आपल्या व्यंकीजनं, हा क्लब विकत घेतला. १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला संघ पुण्याच्या मालकीचा झाला. ऑक्टोबर २०११ मध्ये तो संघ पुण्यात येऊन पुणे एफसीशी खेळूनही गेला. एवढा घरोबा! मे २०१२ मध्ये संघ वरच्या गटातून खाली घसरला, त्या सामन्यात मालकांच्या निषेधार्थ कुणीतरी जिवंत कोंबडी मैदानात सोडली. आपल्याकडे ही बातमी गमतीची म्हणून वाचली गेली. मलकापुरात ब्लॅकबर्नवाला मला अजून भेटलेला नाही. पुण्यातही शोधावा लागेल.

राज्यकर्त्यांचं नातं हा आणखी एक संबंध. गोव्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती आणि तिथे फुटबॉल गावोगाव आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला पोर्तुगालच्या क्रिस्तियानो रोनाल्डोचा पुतळा बसवला तेव्हा काळे झेंडे निघाले. विरोध करणाऱ्यांना त्याच्यामागे साडेचारशे वर्षांची सत्ता दिसत होती, बसवणाऱ्यांना तरुण पोरांपुढचा आदर्श दिसत होता. पोरांना कोण दिसत होता, हे सांगायला नको.

मग संघ ठरतो कशानं? माझ्या पाहण्यात तो वयानं ठरतो, आणि शेजाऱ्यानं ठरतो. त्यात शेजारी जास्त महत्त्वाचा.

वयाचं सरळ आहे. बारा ते पंधरा या वयात जो संघ जिंकत असतो तो चिकटतो. क्लब सांगा, जन्मसाल सांगतो. २६ मे १९९९ ला विश्वचषकात टाँटनच्या मैदानावर गांगुलीनं १८३ आणि द्रविडनं १४५ धावा काढून श्रीलंकेला धुतलं. त्या आनंदात ज्या घरांतला टीव्ही बंद झाला नाही, तिथे मध्यरात्रीनंतर बार्सिलोनात युनायटेडनं भरपाईच्या वेळेत दोन गोल मारून बायर्नच्या तोंडचा घास काढला. आज चाळिशीला टेकलेला युनायटेडवाला बहुधा त्या केबलच्या जमान्यातला. आर्सेनलवाला २००३-०४ च्या अपराजित हंगामातला, चेल्सीवाला २००५-०६ मधला, बार्सावाला मेस्सीच्या भरातला. सिटीवाला कोवळा, त्याला २०१६ नंतर स्वस्त झालेला डेटा आणि २०२३ चे तीन करंडक मिळाले. शिवाय खेळाडूच्या मागे जाणारी एक जात आहे. मेस्सी बार्सिलोनातून पॅरिसला आणि तिथून मायामीला गेला, ही मंडळी बिऱ्हाड उचलून बरोबर गेली. रोनाल्डो सौदीला गेल्यावर ज्यांना रियाधचा अल नस्र कळला, ती याच जातीची. २०२५ च्या दिवाळी पाडव्याला तो अल नस्र फातोर्ड्याला एफसी गोवाशी खेळून गेला, २-१ नं जिंकलाही. रोनाल्डो आलाच नाही.

पण वयानं फक्त चार-पाच संघांची यादी हाती येते. त्यातला एक का उचलला, याची कारणं गल्लीत असतात. मोठा भाऊ युनायटेडवाला, म्हणून धाकटा लिव्हरपूलवाला. वर्गात सगळे बार्सावाले, म्हणून एक जण मुद्दाम रियालवाला. मोबाइलवरच्या गेममध्ये मित्रानं सिटी आधीच घेतली, म्हणून उरलेला चेल्सी याच्या वाट्याला, आणि चेल्सी कायमचा.

५ मार्च २०२३ ला लिव्हरपूलनं युनायटेडला ७-० असं हरवलं. आपल्याकडे रात्री उशिरा सामना संपला, आणि दुसऱ्या दिवशी होळी. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर होळी पेटली, बायकांनी नारळ-नैवेद्य वाहिला, पुरणपोळीचा तुकडा आगीत पडला आणि रिवाजाप्रमाणे पोरांनी बोंब ठोकायला सुरुवात केली. पहिल्या दोन बोंबा नेहमीच्या. तिसरी एका कॉलेजकुमाराच्या नावानं, आणि पुढे “सात! सात!” तो आधी होळीच्या पलीकडच्या बाजूला सरकला. मग म्हणाला, “तुमचा कप दाखवा बे यंदाचा!” त्यावर आणखी मोठी बोंब. बायकांना वाटलं, त्याची परीक्षेतली काही भानगड बाहेर आली. त्याची आई खरंच विचारायला लागली, “काऊन रे, काय सात?” लिव्हरपूल शहरात त्या रात्री असंच चिडवणं चाललं असेल. फरक इतकाच, की तिथल्या आईला सात म्हणजे काय ते माहीत असणार.

त्या पोरानं रात्री मँचेस्टरसाठी दुःख केलं असेल, नाही असं नाही. पण खरी कसोटी लागली ती कॉलनीच्या होळीपुढे, आणि तो तिथे उभा राहिला. सात गोल खाऊन पुढच्या आठवड्यात संघ बदलता आला असता. कुणी दंड केला नसता, फी बुडाली नसती. पण मग कॉलनीत त्याची किंमत राहिली नसती. परक्या क्लबवरची निष्ठा ही अशी शेजाऱ्यांच्या धाकानं टिकते. युनायटेड हे त्याचं गल्लीतलं आडनाव झालेलं असतं.

कोल्हापुरात हे जास्त ठळक दिसतं, कारण तिथे फुटबॉल आपला आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमी, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी. कुस्तीच्या तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ असलेलं असं दुसरं गाव महाराष्ट्रात नाही. तिथे संघ निवडायचा नसतो. पेठेत जन्मलात की तो मिळतो, आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर त्याच्यासाठी घसा बसवायचा असतो. विश्वचषक आला की याच पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे, मेस्सी-नेमारचे कटआउट चौकाचौकात उभे राहतात. ब्युनोस आयर्सशी कोल्हापूरचा काय संबंध, असं तिथे कुणी विचारत नाही. भांडण आधीपासून घरचं आहे, त्याला चार वर्षांतून एकदा परदेशी कापड चढतं. मलकापूरला पेठांचे संघ नाहीत, म्हणून आमची पोरं भांडणासकट सगळंच आयात करतात. माझं मत विचाराल तर ही उणीव आमच्या गावाची आहे, पोरांची नाही.

इथे वारीचा दाखला द्यायचा मोह होतो: दूरचं दैवत, न सुटणारी ओढ वगैरे. मला तो पटत नाही. वारकरी पंढरपुरात पोचतो. शेगावला पायी निघालेला मलकापूरकरही महाराजांच्या समाधीपुढे डोकं टेकतो. युनायटेडवाला बहुधा कधीच पोचणार नाही. ओल्ड ट्रॅफर्डवर सुमारे ७४ हजार माणसं बसतात. २०११ च्या जनगणनेतलं आमचं अख्खं मलकापूर तिथे मावेल. पण त्यातला एक तरी जाऊन बसेल का, सांगता येत नाही.

म्हणूनच तिकडचे जुने चाहते अशांना ‘प्लास्टिक’ म्हणतात. पाऊस नाही, थंडी नाही, हंगामाच्या तिकिटाचा खर्च नाही. त्यांच्या रागात तथ्य आहे. क्लबचे मालक दूरच्या चाहत्यांचं नाव पुढे करून जवळच्यांच्या खिशात हात घालतात. २०१२ मध्ये युनायटेडनं एका पाहणीच्या आधारानं जगभरात आपले ६५ कोटी ९० लाख चाहते असल्याचं सांगितलं. असा आकडा जाहिरातदारांना दाखवायला उपयोगी पडतो, त्यात आमच्या कॉलनीतला पोरगाही मोजलेला असेल. २००८ मध्ये प्रीमियर लीगची एक जादा फेरी परदेशात खेळवायची टूम निघाली. एप्रिल २०२१ मध्ये बारा बड्या क्लबांनी आपली वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. दोन्ही बेतांमागे डोळा होता तो दूरच्या बाजारावर. सुपर लीगमधले सहाही इंग्लिश क्लब दोन दिवसांत मागे हटले, कारण तिथले लोक स्टेडियमबाहेर रस्त्यावर उतरले. हा हक्क त्यांचा आहे आणि तो त्यांच्याकडेच राहावा. मलकापूरहून रस्ता अडवता येत नाही.

पण या दूरच्या चाहत्यांना खोटं ठरवायचं म्हणाल तर तेवढं मान्य नाही. इंग्लंडमध्ये शनिवारी तीनचे सामने टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे, लोकांनी मैदानावर जावं म्हणून १९६० च्या दशकापासूनची. तिकीट न मिळालेला मँचेस्टरचा गडी रेडिओ लावून बसतो, आणि तोच सामना आमचा पोरगा मोबाइलवर बघत असतो. पाहण्याच्या बाबतीत कोण दूर आणि कोण जवळ, हे आता नकाशावरून सांगता येत नाही. आणि लँकेशायरच्या गिरणी कामगाराला तरी क्लब कशानं चिकटला होता? बरोबरच्या मागावर उभ्या असलेल्या माणसामुळे, पबमधल्या शाब्दिक चकमकींमुळे. सोमवारी कामावर तोंड दाखवायचं असे, म्हणून शनिवारी ओरडायचं असे.

तेव्हा घरात असा कुणी असेल तर त्याला संबंध विचारू नका. समोरच्या घरातला कोणाचा आहे ते विचारा, मग गोष्ट निघेल. आणि कॉलनीतले दहा-बारा जण जमत असतील तर जर्सीच्या पैशांतून एक बरा चेंडू घ्या म्हणावं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे त्यानंतर शनिवारचे सामने आपल्याकडे साडेसातऐवजी साडेआठला सुरू होतील. जेवणं तेवढी आधी उरकून घ्या.