वाचलेले वचन आणि दिलेले वचन

22 जुलै हा संत मारिया माग्दालेना हिचा सण. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. त्या दिवशीचे शुभवर्तमान योहानाच्या विसाव्या अध्यायातले असते. कबरीबाहेर एक स्त्री रडत उभी आहे. तिचे मागणे अगदी साधे आहे: ज्याच्यावर आपण माया केली त्याचा देह कोठे ठेवला आहे, एवढेच तिला कळायला हवे आहे.

2021 साली त्या दिवशी प्रार्थनामंदिरांची दारे साथीमुळे भाविकांसाठी बंद होती. आम्ही घरीच मोबाइलवर मिस्सा पाहिली आणि शुभवर्तमान ऐकले. बाहेर पाऊस थांबत नव्हता. त्याच दिवशी दुपारनंतर रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात तळीये गावच्या कोंढाळकर वाडीवर डोंगर खाली आला. घाटमाथ्यावरील महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. सावित्रीला महापूर आला होता, महाड शहर पाण्यात होते, रस्ते तुटले होते. बचाव पथकांना वाडीपर्यंत पोचायला दुसरा दिवस उजाडला. मृतांची संख्या ऐंशीच्या पुढे गेली. त्यांतील तीसएक जणांचे देह अखेरपर्यंत सापडले नाहीत. काही दिवसांनी शोध थांबवण्यात आला आणि बेपत्ता असलेल्यांना मृत मानण्यात आले. ज्या दिवशी आम्ही देह शोधणाऱ्या स्त्रीचे शुभवर्तमान ऐकले, त्याच दिवशी अनेक घरांतील माणसांना तिचे मागणे मागावे लागले. हा योगायोग असेल. पण तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. ख्रिस्ती माणसाने केलेली सेवा पवित्र शास्त्राशी एकनिष्ठ राहिली, असे केव्हा म्हणायचे?

या प्रश्नाला आमच्या धर्मग्रामात तोंड फुटले ते ऑक्टोबरमध्ये, मंदिरांची दारे पुन्हा उघडल्यावर. तळीयेच्या कुटुंबांसाठी चादरी, भांडी, कपडे असे साहित्य जमले होते. पुडकी बांधताना एका वयोवृद्ध शिक्षकांनी सुचवले की प्रत्येक पुडक्यात योहानाच्या शुभवर्तमानाची लहान पुस्तिका घालावी. त्यांच्या मनात काही लबाडी नव्हती. पौलाने रोमकरांना जे विचारले तेच ते आम्हांला विचारत होते: कोणी सांगितलेच नाही, तर लोक ऐकणार कसे? चादर तर कोणतेही मंडळ वाटते. मग आपल्या सेवेत ख्रिस्ताचे असे काय राहिले?

त्यांना उत्तर दिले ते एका तरुण परिचारिकेने. ती म्हणाली, "सर, ज्याचं घर गेलंय त्याने चादर घेताना पुस्तक नको म्हणायचं, तर त्याला ती मोकळीक असते का? त्याला वाटेल, पुस्तक नाकारलं तर चादरही जाईल." दान करताना उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नये, हे येशूचे सांगणेही तिने आठवून दिले. दोघेही शास्त्राचाच आधार घेत होते, आणि दोघांचाही आधार खरा होता. म्हणून तो वाद मला क्षुल्लक वाटला नाही.

या वादाला आपल्या महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत मिशनांनी हजारोंना अन्न दिले, आणि त्यानंतर ख्रिस्ती झालेल्यांना पिढ्यान् पिढ्या "भाकरीसाठी धर्म बदलला" हा टोमणा ऐकावा लागला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर 1893 साली धर्मांतराचा आरोप झाला तेव्हा अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पुढे 1896-97 च्या दुष्काळात याच बाईंनी मध्य प्रांतातून निराधार विधवा आणि मुली आणल्या व केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आसरा दिला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. ते काम हातावेगळे करून 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. रमाबाई आपल्या कॅथलिक परंपरेतील नव्हत्या आणि त्यांच्या सगळ्या मतांशी आपण सहमत असू असेही नाही. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यांनी स्त्रियांच्या हाती शास्त्र दिले ते त्यांच्यासोबत एका छपराखाली वर्षानुवर्षे राहून. पुडक्यात पुस्तिका घालून संध्याकाळच्या आत घरी परतण्याची सोय त्यांनी स्वतःला ठेवली नव्हती.

आमच्या प्रमुख धर्मगुरूंनी निकाल दिला तो परिचारिकेच्या बाजूने. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 साली प्रेमाविषयीच्या आपल्या पहिल्याच परिपत्रकात स्पष्ट केले आहे की प्रेमाची सेवा हे दुसरे काही साधण्याचे साधन नव्हे. देवाविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे. फादरांनी ते सांगितले आणि शिक्षकांकडे पाहून म्हणाले, "सर, पुस्तक पुडक्यात घालायचं नाही, पण घरीही ठेवायचं नाही. ते आपल्यासाठी बरोबर घ्या." निघण्यापूर्वी मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचला गेला. भुकेल्याला खाऊ घालणाऱ्यांना तेथे शेवटपर्यंत ठाऊकच नसते की आपण प्रभूला खाऊ घातले. ते ऐकून आम्ही निघालो.

तळीयेची वाचलेली कुटुंबे तेव्हा पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहत होती. म्हाडाच्या घरांची वाट पाहत त्यांना पुढे एकाहून अधिक पावसाळे तेथेच काढावे लागले. एका कंटेनरच्या दाराशी साठीची एक बाई बसल्या होत्या. चादर मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "सगळे म्हनतात पाऊस लय झाला. पाऊस तर सगळीकडंच झाला. आमच्याच वाडीवर का? आमचा काय गुन्हा झाला व्हता?"

आमच्यातल्या एकाने सद्भावनेने उत्तर दिले की देवाची योजना आपल्याला कळत नाही, तो करतो ते भल्यासाठीच. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि घडी असलेल्याच चादरीची पुन्हा घडी घालू लागल्या.

परतीच्या वाटेवर मला लूकच्या तेराव्या अध्यायाची आठवण झाली. शिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. येशूने विचारले, ही माणसे यरुशलेममधील बाकीच्या सर्वांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय? त्याने स्वतःच त्याचे उत्तर नकारार्थी दिले आणि पुढचा शब्द उच्चारला तो ऐकणाऱ्यांच्या पश्चात्तापाविषयी. मेलेल्यांच्या मरणाचा अर्थ लावायला त्याने साफ नकार दिला. प्रश्न वळवला तो जिवंतांकडे. तळीयेपुरते बोलायचे तर याच महाड तालुक्यात जुलै 2005 मध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडीवते या गावांवर दरडी कोसळल्या होत्या. मधल्या सोळा वर्षांत डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची चिंता आपण किती वाहिली, हा शिलोआमचा प्रश्न आहे. तो शासनाला आहे तसा, दगड-खडी आणि फार्महाऊससाठी डोंगर कापवून घेणाऱ्या आपल्यासारख्या शहराजवळच्या लोकांनाही आहे.

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या हातून घडलेले ते एवढेच चांगले काम. पुढे त्यांनी तोंड उघडले, पापाचे आणि शिक्षेचे हिशेब मांडले; त्यांची वाक्ये कानाला धार्मिक वाटतात, पण शेवटी देवाने त्यांनाच फटकारले. दुःखिताजवळ बसून शास्त्रासारखे बोलत असतानाही शास्त्राशी बेइमानी होऊ शकते, हे मला त्या चादरीच्या घडीने शिकवले.

निघताना बाईंनी आम्हांला चहाचा आग्रह केला. दूध नव्हते, काळा चहा होता. आम्ही आढेवेढे घेतले. आपण द्यायला आलो आहोत, यांच्याकडचे घ्यायचे कसे, असा आमचा सुसंस्कृत संकोच. पण प्रभूने बाहत्तर शिष्यांना पाठवताना सांगितले होते की ज्या घरी जाल तेथे पुढे येईल ते खा आणि प्या. समारितेच्या विहिरीवर त्याने जिवंत पाण्याची गोष्ट काढली ती त्या स्त्रीकडे आधी पाणी मागून. ज्या महाडात 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आणि हजारो माणसांना सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या तालुक्यात कोणाच्या हातचे पाणी घ्यायचे आणि कोणाच्या हातचे टाळायचे, ही बाब किरकोळ नाही. आम्ही बसलो, चहा घेतला. त्या क्षणी बाईंच्या चेहऱ्यावर प्रथमच यजमानाचा भाव दिसला.

लेख येथे संपवता आला असता तर मला बरे वाटले असते. पण चहा घेता घेता आणखी एक गोष्ट घडली, आणि ती सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही.

बाईंचे यजमान त्या दरडीत गेले होते आणि त्यांचा देह मिळाला नव्हता. बँकेचे पुस्तकही मातीत गेले होते. खात्यातले थोडे पैसे मिळवायला कोणते कागद लागतात, अर्ज कोणाकडे द्यायचा, हे त्यांना उमगत नव्हते. मी तीस वर्षे बँकेत नोकरी केलेली. मी म्हणालो, "मावशी, ते काम माझं. दिवाळी झाली की येतो आणि सगळं करून देतो." त्यांनी विचारले, "नक्की येनार ना?" मी म्हणालो, "शब्द देतो."

दिवाळी झाली. मग नाताळच्या तयारीला सुरुवात झाली; गोठा, गायन, धर्मशिक्षणाच्या मुलांची नाटिका. मग साथीची आणखी एक लाट आली. मग उपवासकाळ लागला आणि शास्त्रवाचनाच्या वर्गात, योगायोग पाहा, मीच मत्तयाचा एकविसावा अध्याय समजावून सांगायला उभा राहिलो. एका बापाने दोन मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितले. एक नाही म्हणाला, पण मागाहून गेला. दुसरा मोठ्या आदराने हो म्हणाला आणि गेला नाही. वडिलांची इच्छा कोणी पूर्ण केली, असा येशूचा प्रश्न आहे. तो मी वर्गाला विचारला, आणि माझीच जीभ अडखळली. डोळ्यांपुढे तो कंटेनर उभा राहिला.

मे 2022 मध्ये मी तळीयेला गेलो. बाईंनी ओळखले. कामाचे विचारले तेव्हा म्हणाल्या, "ते कवाच झालं. शाळेतल्या एका बाईंनी केलं. चार फेऱ्या मारल्या त्यांनी महाडला." तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. पुन्हा काळा चहा आला. त्या शिक्षिकेने कोणते शास्त्र वाचले होते मला ठाऊक नाही. पण द्राक्षमळ्यात ती जाऊन आली होती.

आपल्या मराठीत एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात. देवाचे ते वचन, आणि माणसाने माणसाला दिलेला शब्द तेही वचन. दोन्हींपुढे आपण एकच क्रियापद लावतो: वचन पाळणे. त्या मे महिन्यापर्यंत मी या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. एका वचनासाठी वर्ग होता, मिस्सा होती, ठळक अक्षरांतले पुस्तक होते. दुसरे वचन दिवाळीनंतरच्या एखाद्या मोकळ्या रविवारवर सोडलेले होते. तुमचे बोलणे होयचे होय असावे, असे डोंगरावरील प्रवचनात प्रभूने सांगितले, तेव्हा त्याने हे दोन कप्पे एक केले होते.

आता आमच्या वृद्ध शिक्षकांच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकतो. सेवेत ख्रिस्ताचे काय राहिले, असे ते विचारत होते. त्यांची शंका रास्त होती, आणि पेत्रही म्हणतो की तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर सौम्यतेने उत्तर द्यायला सदैव तयार असा. पण कोणी आपल्याला ते विचारावे, यासाठी आधी आपण परत गेलेले असले पाहिजे. मारिया माग्दालेना बाकीचे शिष्य घरी परतल्यावरही कबरीपाशी थांबली. थांबली म्हणून तिला तिच्या नावाने हाक ऐकू आली, आणि मगच तिच्याकडे निरोप सोपवला गेला. निरोपाच्या आधी थांबणे आले.

आपल्या धर्मग्रामांतून दर पावसाळ्यात कोठे ना कोठे साहित्य जाते, आणि ते जावेच. मात्र पुडकी बांधून झाल्यावर आणखी एक यादी करावी असे मला सुचवायचे आहे: आपण कोणाला काय शब्द दिला आणि तो केव्हा पाळायचा. ती यादी बायबलमध्ये घालून ठेवावी, म्हणजे वाचायला बसले की आधी तीच हाताला लागेल. माझ्या यादीवरचे तळीयेतील काम दुसऱ्या कोणी करून टाकले आहे. ती ओळ मी खोडलेली नाही.