दोन मापे

फळ्यावर 'आलमगीरियत' हा शब्द लिहिला की मुलांना वाटते, बाई आज इतिहास घेणार. मग सांगावे लागते की जागतिकीकरणाला उर्दूत असे म्हणतात. त्यानंतर येतो रिकार्डो आणि त्याचे १८१७ सालचे उदाहरण. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर १०० माणसे लागतात, पोर्तुगालला ९०. ठरावीक मद्यासाठी इंग्लंडला १२०, पोर्तुगालला ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही त्याने मद्यच करावे आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, त्यात दोघांचाही फायदा. (वर्गात मी मद्याच्या जागी द्राक्षे घेते. नाशिकच्या मुलांना तेवढा बदल पुरतो.)

हिशेब बिनचूक आहे. आपल्या जिल्ह्यातही तो दिसतो. लासलगाव-पिंपळगावचा कांदा बांगलादेशात जातो आणि तिकडून तयार कपडे येतात. २०११ पासून त्यातल्या बहुतेक कपड्यांवरचे आयातशुल्कही भारताने काढले. पण हे समजावताना एका मुलीने विचारले, "बाजी, मग मालेगावच्या आमच्या मामूंनी लूम विकून कांदा लावायचा का? जमीन कुठे आहे?"

तिच्या मामूंची अडचण शास्त्राला माहीत नाही असे नाही. शास्त्राचे उत्तर असे, की व्यापारात जिंकणाऱ्यांचा फायदा हरणाऱ्यांच्या तोट्यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे जिंकणारे भरपाई देऊ शकतात आणि तरीही त्यांच्या हातात काही उरते. देऊ शकतात! देतातच असे नाही, आणि द्यावी की नाही हे ठरवणे आपले काम नाही असे म्हणून बहुतेक अर्थतज्ज्ञ तिथेच थांबतात. माझ्या मते खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. खुद्द रिकार्डोने १८२१ च्या आवृत्तीत यंत्रांवर नवे प्रकरण घातले आणि यंत्रांनी मजुराचे नुकसान होऊ शकते, आपले आधीचे मत चुकले, हे कबूल केले. त्या कोष्टकापेक्षा ह्या कबुलीसाठी मला हा माणूस मोठा वाटतो.

कुरआनात 'मुतफ्फिफीन' नावाची एक सूरत आहे. स्वतः घेताना माप पुरेपूर भरून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी मोजणारे, अशांची तिच्या सुरुवातीलाच झाडाझडती आहे. लहानपणी मला वाटे, ही वाण्या-बकालांसाठी असेल. आता तसे वाटत नाही.

कांद्याचेच पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव किलोला दोन-चार रुपयांवर आला, शेतकऱ्यांनी लासलगावचे लिलाव बंद पाडले. राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, तेही २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे किलोमागे साडेतीन रुपये. त्याच वर्षी भाव चढू लागला तेव्हा ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ती मे २०२४ पर्यंत बंद राहिली, आणि शुल्क पूर्णपणे उठायला एप्रिल २०२५ उजाडला. पडत्या भावाचा धोका शेतकऱ्याचा आणि चढत्या भावाचा हक्क मात्र सगळ्या देशाचा. ही दोन मापे नाहीत तर काय?

सीमेपलीकडचा माणूसही ह्या मापात सापडतो. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण निर्यात अशीच अचानक थांबवली. पुढच्याच महिन्यात दिल्लीत आलेल्या शेख हसीना यांनी, मी स्वयंपाक्याला कांदा न वापरायला सांगितले आहे, अशी कोपरखळी मारली. सभागृह हसले. पण ढाक्याच्या रिक्षावाल्याने हसावे असे त्यात काही नव्हते. त्याच्यासाठी कांदा म्यानमार, तुर्कस्थान, इजिप्तहून आणावा लागला.

सरकारला नावे ठेवणे सोपे आहे. पण मालेगावच्या विणकराला बाहेरचे कपडे थांबलेले हवेत, आणि कांदा स्वस्त हवा. निफाडच्या शेतकऱ्याला कांद्याची वाट मोकळी हवी, आणि मुलीच्या लग्नाला कपडा स्वस्तातला हवा, मग तो कुठूनही येवो. मे २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी कपड्यांना जमिनीवरची वाट बंद करून फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता ही बंदरे ठेवली, तेव्हा ओळखीतल्या कोणालाच कांद्याच्या गाड्या आठवल्या नाहीत.

आणि मी? मी निर्यातबंदीच्या महिन्यांत बाजारात कांदा उतरला म्हणून खूश होते. मला महागाई भत्ता मिळतो. बाजारभाव चढले की वर्षातून दोनदा त्याचा हिशेब होतो. तो उशिरा मिळतो, पण मिळतो. म्हणजे कांदा महागल्याची भरपाई मला ठरलेली आहे, आणि तो स्वस्त ठेवण्यासाठी जो बुडाला त्याला ठरलेले असे काहीच नाही. माझे माप दोन्हीकडून भरले गेले, आणि हे मला ध्यानात यायला वर्गातल्या एका मुलीचा प्रश्न लागला.

तिला मी काय उत्तर दिले? परीक्षेत लिहायचे ते दिले. तिने ते वहीत उतरवून घेतले, आणि खाली पेन्सिलीने स्वतःच्या मनाने लिहिले : 'मामू को पूछना.'