डबा आमच्या घरी नव्हता

3 जानेवारी, सावित्रीबाई फुले यांची जयंती, उलटली. आमच्या औरंगपुऱ्यात हार पडले आणि मोबाइलमध्ये तो मेसेजही येऊन पडला. ‘सावित्रीजोती’ बंद पाडणाऱ्यांना महाराष्ट्र माफ करणार नाही, वगैरे. खाली रडके चेहरे, ओळीने. (रडका चेहरा एक पुरतो, हे मी या जागी पूर्वीही लिहिलं आहे. कोण ऐकतं!)

मालिका 2020 सालची, सोनी मराठीवरची. ओंकार गोवर्धन जोतिबा, अश्विनी कासार सावित्रीबाई. जानेवारीत सुरू झाली, मध्ये टाळेबंदीत अडकली आणि डिसेंबरअखेर गुंडाळली. सावित्रीबाईंची पुढची जयंतीसुद्धा तिला पाहू दिली नाही. मालिकेच्या संशोधनाची बाजू सांभाळणाऱ्या हरी नरके यांनी तेव्हाच उघड सांगितलं होतं की टीआरपी नाही. टीआरपी नाही म्हणजे बघणारं माणूस नाही. तेव्हा बंद पाडणारे कोण, याच्या शोधात फार लांब जायचं कारण नाही.

सबबी पुष्कळ आहेत. वेळ जुळत नव्हती, ठीक. रिमोट सूनबाईंकडे असतो, असेल. पण एका सबबीने या आठवड्यात माझं डोकं उठवलं. आमच्या सिडकोतले एक निवृत्त साहेब. मेसेज त्यांनीच पाठवलेला. भेटले तेव्हा विचारलं, ‘साहेब, तुम्ही किती भाग पाहिलेत?’ म्हणाले, ‘आमच्या घरी कुठे टीआरपीचा डबा आहे? आपण बघितलं काय, नाही बघितलं काय, मोजतंय कोण?’ आणि खटला सुटल्यासारखे चालू लागले.

डबा नव्हता, हे शंभर टक्के खरं. 2025 सालचा सरकारी आकडा असा : देशात टीव्ही असलेली घरं सुमारे 23 कोटी आणि मोजणारे मीटर सुमारे 58 हजार. चार हजार घरांमागे एक. ते घर कुठलं, हे मोजणी करणारी संस्था बार्क गुप्त ठेवते. म्हणजे उरलेल्या सगळ्या घरांना हा दाखला फुकटात मिळाला.

पण साहेबांचा युक्तिवाद जरा पुढे नेऊ. मोजत नाहीत म्हणून बघितलं नाही. मग मोजत असते तर बघितलं असतं? फुले दांपत्याविषयीचा आदर मीटर बसवायला माणूस येईपर्यंत कपाटात ठेवला होता का? आणि ज्या मालिका साहेब रोज रात्री न चुकता बघतात, ज्यातली खलनायिका झोपतानाही दागिने काढत नाही, त्या बघताना डबा आठवत नाही तो? तिथेही मोजत नाहीतच की!

बरं, ज्याच्या घरी डबा आहे तो माणूस तरी कोण? तोही तुमच्या-माझ्यासारखाच कोणी. त्याच्याही वाहनावर महापुरुषांचा स्टिकर असेल, त्यालाही 3 जानेवारीला मेसेज येत असेल, आणि त्यानेही संध्याकाळी चॅनल बदललं असेल. शितावरून भाताची परीक्षा होते ती शीत त्याच पातेल्यातलं असतं म्हणून. शिवाय डबा असलेल्या घरात प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं असतं. साहेबांच्या रिमोटवर दुकानातली प्लास्टिकची पिशवी अजून तशीच आहे, आतले आकडे दिसत नाहीत. ते कुठलं बटण दाबणार होते? (रिमोटला पिशवी घालणाऱ्यांवर एकदा सवडीने लिहायचं आहे.)

मालिका चालू होती त्याच वर्षी, 2020 च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळा बाहेर काढला, तोही काही जण तोंडावर फेकतात. फेकू द्या. तो बोभाटा मुख्यतः बातम्यांच्या चॅनलांचा होता.

ज्या गोष्टीसाठी इतका गळा काढायचा तिला अर्धा तास तरी द्यायला हवा होता, एवढंच माझं म्हणणं. बाकी मी ती मालिका बघायचो आणि सांगतो, काही भाग रेंगाळायचे. चहा घेऊन परत आलो तरी पात्रं तिथंच उभी. कोणी कंटाळून उठला असेल तर त्याला मी नावं ठेवणार नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री काय बघावं, हे मी कोण सांगणारा? नका बघू. पण मग आम्हाला मेसेजही नका पाठवू.

साहेबांचा दुसरा मेसेज खेळण्यांचा असतो. भिंगरी, भोवरा, पांगुळगाडा, भातुकली. ‘कुठे गेलं ते सगळं?’ जातंय कुठे? नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत लाकडी गाड्या मांडून बसलेलं कोणी ना कोणी अजून भेटतं. सावंतवाडीच्या चितार आळीत पांगाऱ्याच्या लाकडाची फळं, भाज्या, भातुकली अजून रंगतात. साहेबांना ती आळी माहीत आहे. गोव्याहून येताना तिथून त्यांनी अख्खा संच आणला, घासाघीस करून. तो आता दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे, किल्ली साहेबांच्या जानव्याला. नातू कपाटाशी गेला की साहेब ओरडतात, ‘फुटेल!’

लाकूड फुटेल.

पोरगं मग कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतं, आणि साहेब माझ्याकडे वळून म्हणतात, हल्लीच्या मुलांना खेळण्यांची गोडीच राहिली नाही हो.