कळपाचा दुष्काळ आणि रोख मदतीची वेळ

दुष्काळ म्हणजे पावसाची तूट, अशी सर्वसाधारण समजूत असली तरी शासनव्यवहारात दुष्काळ हा मोजून, पडताळून आणि जाहीर करूनच अस्तित्वात येतो. या मोजणीची काही महत्त्वाची सूत्रे राजधानीतून हलतात. आर. के. पुरममधील सेवा भवनात केंद्रीय जल आयोगाचे मुख्यालय आहे आणि देशातील प्रमुख जलाशयांत किती उपयुक्त साठा उरला आहे, याचे पत्रक तेथून दर आठवड्याला निघते. दिल्लीतच पुसा परिसरात असलेले महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र उपग्रहचित्रांवरून वनस्पतींची अवस्था पाहते. केंद्र शासनाच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान हा पहिला निकष मानला आणि त्याच्या जोडीला पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओल, भूजल, जलाशयसाठा व वनस्पती-निर्देशांक ठेवले. शेती व पाणीपुरवठा यांच्या दृष्टीने ही चौकट पुष्कळ विचारपूर्वक आखलेली आहे. मात्र ज्याची मालमत्ता जमिनीत नसून चार पायांवर चालते, त्या मेंढपाळाचा दुष्काळ तिच्यात नेमका कोठे बसतो, हा प्रश्न उरतोच.

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या अवर्षणप्रवण पट्ट्यातील धनगर मेंढपाळांची अर्थव्यवस्था गवत, बाजार आणि वाट या तीन गोष्टींवर उभी असते. पावसाळा सरला की दिवाळीच्या सुमारास वाडे, म्हणजे कुटुंब, घोडी व मेंढरे मिळून एकत्र फिरणारे तळ, कोकणाकडे किंवा नदीकाठच्या बागायती पट्ट्याकडे निघतात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून मेंढरे बसवली जातात. रात्रभराच्या लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. दुष्काळात ही साखळी एकाच वेळी अनेक ठिकाणी तुटते. गायरान करपते, पेरणीच नसल्यामुळे खताची मागणी घटते, आणि धान्य विकत घेण्यासाठी कळपातील जनावर बाजारात न्यावे लागते. तेथे मात्र सगळेच विकायला आलेले असतात.

अमर्त्य सेन यांनी १९८१च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात इथिओपिया व साहेल प्रदेशातील पशुपालकांविषयी हीच गोष्ट विनिमय-हक्काच्या संकल्पनेतून मांडली. विनिमय-हक्क म्हणजे आपल्याजवळची वस्तू देऊन बाजारातून अन्न मिळवण्याची क्षमता. दुष्काळात पशुपालकाची जनावरे तर मरतातच, शिवाय उरलेल्या जनावरांची धान्याच्या मानाने किंमत कोसळते. त्यामुळे त्याचे नुकसान दुहेरी होते. आटपाडीच्या बाजारात पडत्या भावाने मेंढी विकून चढ्या भावाने ज्वारी घेणारा मेंढपाळ याच नियमाने भरडला जातो.

या विक्रीची खरी किंमत त्या दिवसाच्या भावातून कळत नाही. मेंढी सुमारे पाच महिने गाभण राहते, बहुधा एकच कोकरू देते, आणि त्या कोकरांपैकी निम्मे नर असतात. मादी कोकरू स्वतः विण्याजोगे व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. समजा, शंभर माद्यांच्या कळपातून एका उन्हाळ्यात साठ विकल्या किंवा मेल्या, तर मर, आजार आणि घरखर्चासाठी होणारी विक्री धरता तो कळप पूर्ववत होण्यास पुढची कित्येक वर्षे चांगल्या पावसाची जावी लागतात. म्हणूनच योग्य वेळी हाती आलेली थोडी रक्कमही विणाऱ्या मादीला बाजारापासून दूर ठेवू शकते. त्या रकमेतून घरासाठी धान्य येते, पेंड व औषध येते, कडब्याच्या पेंढ्या किंवा उसाचे वाढे येतात, पीक निघालेल्या रानातील चराईचा मोबदला देता येतो, आणि गवत दूरच्या मुलखात असेल तर कळप हलवण्यासाठी टेम्पोचे भाडेही भागते. यांपैकी कोणती गरज आज पहिली, हे तालुक्याच्या कचेरीपेक्षा वाड्याला अधिक चांगले कळते.

महाराष्ट्राने दुष्काळी मदतीचे दोन मोठे मार्ग घडवले आणि दोन्ही मेंढपाळाला अंतर देऊन गेले. १९७२च्या दुष्काळात रोख मजुरीवरील कामांनी लक्षावधी कुटुंबांची क्रयशक्ती टिकवली आणि वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमीची कल्पना कायद्यापर्यंत पोहोचली. परंतु खडी फोडायला जाणारा माणूस त्याच दिवशी कळपामागे चालू शकत नाही. दुसरा मार्ग चारा छावणीचा. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांत छावण्यांनी असंख्य गाई-बैल वाचवले. म्हसवड येथील माणदेशी फाउंडेशनची छावणी त्यांपैकीच एक. मात्र छावणीची रचना मुळात एका जागी बांधून ठेवता येणाऱ्या मोठ्या जनावरांसाठी आहे, तर मेंढरांचे जगणे चालण्यावर आहे. पिकांच्या नुकसानीची मदत तर हेक्टरात मोजली जाते. तिचा आधार सातबारा असल्याने ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याला ती जवळजवळ बंदच राहते.

मेंढपाळाला थेट पैसे देण्याचा प्रयत्न राज्यात झालेला आहे. भटक्या जमाती (क) प्रवर्गातील, किमान वीस मेंढ्या व एक नर असलेल्या कुटुंबांना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये, म्हणजे एकूण २४,००० रुपये चराई अनुदान देण्याची योजना आहे. सातबाऱ्याऐवजी कळप हा पात्रतेचा आधार मानणे, हे या योजनेचे मोठे वैशिष्ट्य. तथापि हिशेब मांडला तर शंभर मेंढरांच्या वाड्याला दररोज दर मेंढीमागे साधारण दोन रुपये पडतात. रकमेहून महत्त्वाचा मुद्दा काळाचा आहे: हे अनुदान पावसाळ्यातील चराईच्या अडचणीसाठी आखलेले असून ते दुष्काळी वर्षात वाढत नाही, आणि फेब्रुवारी ते मे या सर्वांत कठीण महिन्यांत तर ते नसतेच.

हा काळाचा प्रश्न उत्तर केनियाने अधिक थेटपणे हाताळला. तेथे २००९ पासून तुर्काना, मार्साबिट, वाजिर व मांडेरा या कोरड्या जिल्ह्यांत गरीब कुटुंबांना नियमित रोख रक्कम दिली जाते, आणि उपग्रहावरून मोजलेला वनस्पती-निर्देशांक ठरावीक पातळीखाली गेला की एरवी नियमित लाभाच्या यादीत नसलेल्या कुटुंबांनाही तात्पुरती मदत सुरू होते. त्याच भागात २०१० पासून आलेला पशुविमा आरंभी जनावरांच्या अंदाजित मरणाची भरपाई करत असे. पुढे त्याची रचना बदलून गवत खुंटू लागताच पैसे मिळतील, अशी केली गेली, जेणेकरून ते चारा-पाण्यावर खर्च व्हावेत. भरपाईकडून बचावाकडे झालेला हा बदल या क्षेत्रातील सर्वांत मोलाचा धडा आहे.

अर्थात रोख रक्कम म्हणजे चारा नव्हे. संपूर्ण मुलूख कोरडा पडला असताना सर्वांच्या हाती पैसा दिला आणि बाजारात कडबाच नसला, तर त्या पैशाने फक्त कडब्याचा भाव चढेल आणि लाभ साठेबाजाचा होईल. म्हणून रोख मदतीला ऊसपट्ट्यातून येणाऱ्या चाऱ्याची वाहतूक, वाटेवरील पाणवठे आणि वनक्षेत्रातील चराईबाबत स्पष्ट परवानगी यांची जोड लागते. शिवाय वाडा जेथे असेल तेथे पैसे काढता आले पाहिजेत. मूळ गावच्या पंचनाम्यासाठी कळप माघारी आणावा लागला, तर मदतच तोट्याची ठरते.

मोजणीतही बदल हवा. राज्य शासनाने २०१८ व २०२३ या दोन्ही वर्षी ३१ ऑक्टोबरला अनुक्रमे १५१ व ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या सुमारास वाडे वाटेला लागलेले असतात. जलाशय भरलेला असूनही माळ उघडा असू शकतो, कारण धरणाचे पाणी कालव्याने उसाकडे व नळाने शहराकडे जाते, डोंगरउतारावरच्या गवताकडे नाही. मेंढपाळासाठी निर्णायक निकष जलसाठा नसून गवताची अवस्था व मेंढी-ज्वारी यांच्या भावांतील तफावत हा आहे, आणि त्यांपैकी पहिल्याची माहिती दिल्लीतल्या यंत्रणेकडे आजही आहे.

आपत्ती निवारणाच्या केंद्रीय निकषांनुसार २०२२ पासून मेलेल्या मेंढीमागे ४,००० रुपये मदत मिळू शकते, तीही एका कुटुंबाला तीस लहान जनावरांपर्यंतच. त्याच निकषांत छावणीतील लहान जनावराचा खर्च दिवसाला ४५ रुपये धरला आहे. म्हणजे मरणानंतर दिली जाणारी रक्कम त्या दराने जवळपास तीन महिन्यांच्या पोषणाएवढी होते, आणि कठीण उन्हाळाही साधारण तेवढाच असतो. तिजोरीवर फारसा वेगळा भार न टाकता ही रक्कम तीन महिने आधी देता आली, तर शासनाला मेलेल्या मेंढीऐवजी जिवंत कळपासाठी खर्च केल्याचे दाखवता येईल.